भिंत कोण हलवतंय

८ जानेवारी

ही वही मी हौस म्हणून सुरू केलेली नाही, पुरावा म्हणून केली आहे. उद्या कुणी विचारलं, बाई, तुम्हाला पहिला संशय कधी आला, तर तारीख सांगता आली पाहिजे. तर ती आजची.

शुक्रवारी सकाळी मी नव्या फिल्मवर सूक्ष्मदर्शकाच्या सुईने एक चौकट लिहिली. चौकशी समितीत बहुधा ज्यांना यातलं काही कळत नाही असेच लोक असतात, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. आमचा सूक्ष्मदर्शक भिंगाने नाही, बारीक सुई फिरवून बघतो. आमची फिल्म म्हणजे स्फटिकाच्या तुकड्यावर चढवलेला अतिशय पातळ थर. त्यात जागोजागी विजेचा एक कल असतो, वर किंवा खाली. सुईने पुरेसं व्होल्टेज दिलं की कल उलटतो आणि सुई उचलली तरी तसाच राहतो. एक कल चित्रात पांढरा दिसतो, दुसरा काळा. दोघांच्या मधल्या सीमेला आम्ही भिंत म्हणतो. लिहायला मोठं व्होल्टेज लागतं, नुसतं बघायला, म्हणजे वाचायला, अगदी लहान. भिंत लिहिली तिथेच राहिली तर अशा फिल्ममध्ये माहिती साठवता येते. हलली तर माझा प्रकल्प गुंडाळायचा.

शुक्रवारी दिवसभर मी त्या चौकटीची चित्रं काढत बसले होते, इतकी सुरेख आली होती. आज नवं चित्र शुक्रवारच्या सकाळच्या चित्राशी ताडून बघितलं, तर उजवी भिंत आत सरकलेली. पांढरं काळ्यात घुसलेलं.

या खोलीच्या किल्ल्या दोघांकडे आहेत. एक माझ्याकडे, दुसरी धाकट्याकडे. धाकटा म्हणजे माझा दीर. घरी सासूबाई त्याला धाकटा म्हणतात, मी भाऊजी म्हणते, या वहीत मी कशाला मान देऊ? त्याला या संस्थेत मीच चिकटवला. मार्चमध्ये आढावा आहे, तेव्हा दोन गोष्टींचा निर्णय होणार. माझ्या प्रकल्पाला मुदतवाढ आणि त्याची नोकरी कायम. माझा प्रकल्प बुडाला तर हा सूक्ष्मदर्शक कुणाकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

१० जानेवारी

चहाच्या वेळी सहज बोलल्यासारखं दाखवून भिंतीचा विषय काढला. बघू चेहरा कसा होतो. चेहरा काही बदलला नाही. साळसूदपणे म्हणतो, "वहिनी, वाचनाचं व्होल्टेज किती ठेवलंय?"

मी म्हटलं, "जेवढं नेहमी असतं तेवढंच."

"ही नवी फिल्म बरीच पातळ आहे ना पण. जाड फिल्मला जे वाचनाचं, ते हिला जवळजवळ लिहायचं होईल. जरा कमी करून बघा."

मला शिकवतोय! मी या यंत्रावर हात बसवला तेव्हा हा दाढी फुटायची वाट बघत होता. मी म्हटलं, "भाऊजी, वाचनाचं व्होल्टेज एका क्षणी वर, एका क्षणी खाली. दोन्हीकडे सारखं. त्याने भिंत एकाच बाजूला कशी जाईल?"

"ढिली होते, एवढंच. आणि पातळ फिल्मला खालच्या थरामुळे मुळातच एका बाजूची ओढ असते. ढिली झाली की तिकडे सरकते."

उत्तर अगदी तयार होतं. ज्याने काही केलेलं नसतं त्याच्याकडे उत्तर इतकं तयार नसतं.

१७ जानेवारी

नवी चौकट लिहिली. जेवायला जाण्याआधी एक चित्र, जेवून आल्यावर एक. सरकली. चहाला गेले, आले, चित्र काढलं. आणखी सरकली. म्हणजे मी पाठ फिरवली रे फिरवली की हा आत.

जाताना यंत्राच्या झाकणाला चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर अर्धी झाकणावर, अर्धी खाली अशी सही केली.

१८ जानेवारी

चिकटपट्टी जशीच्या तशी. कालच्या सकाळच्या चित्रापेक्षा भिंत भलतीच पुढे. चिकटपट्टी काढून सही जुळवून पुन्हा लावायची म्हणजे हात किती हलका हवा! त्याचा आहे. घरातली घड्याळं तोच दुरुस्त करतो.

२५ जानेवारी

आता डोळ्यात तेल घालून पहारा. सकाळपासून तासातासाला चित्र. चित्रं थोडी धूसर येत होती, त्यात त्याला पळवाट नको म्हणून वाचनाचं व्होल्टेज वाढवलं. काय सुंदर चित्र आलं! भिंत वस्तऱ्याने कापल्यासारखी.

पण सरकते मात्र दुप्पट वेगाने. मी पहारा वाढवला तसा याचा जोर वाढला. याला सुगावा लागला आहे. मी खोलीतून हलत नसतानाही होतं, तेव्हा हात लावून करत नसणार. शेजारच्या खोलीत बसून संगणकाच्या जाळ्यातून सुई चालवता येते. परवलीचा शब्द दोघांना माहीत आहे. शेजारून टकटक ऐकू येते. टंकत असतो दिवसभर.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? तो कशाला करेल असं?" सख्खा भाऊ आहे, दुसरं काय म्हणणार.

५ फेब्रुवारी

गेले काही दिवस लिहायला जमलं नाही. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आम्ही सगळेच रजेवर. धाकटा आणि जाऊबाई आमच्याकडेच मुक्कामाला. त्याने आईच्या डोळ्यात थेंब घालायचे, चहा करायचा, मला म्हणायचं, "वहिनी, तुम्ही पडा जरा." मला ते गोडगोड बोलणं सहन होईना. तरी मी तोंडातून अक्षर काढलं नाही. आजारी माणसासमोर तमाशा नको.

आज परत कामावर. निघताना काढलेलं शेवटचं चित्र समोर ठेवलं आणि नवं काढलं. तंतोतंत! भिंत जागची हललेली नाही. इतके दिवस गेले आणि हललेली नाही.

बसल्या जागी मला हसू आलं. कारण इतके दिवस धाकटा कुठे होता? माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या स्वयंपाकघरात. तो प्रयोगशाळेत नसला की भिंत शहाणी होते. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

दुपारपासून पुन्हा पहारा लावला. संध्याकाळपर्यंत सरकली. तोही आज कामावर आला होता, हे सांगायला नको.

९ फेब्रुवारी

साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे संस्थेचे संचालक, कुठल्याही प्रश्नाचं उत्तर "बघू" असं देणारा माणूस. सगळी चित्रं टेबलावर मांडली. रजेचे दिवस, कामाचे दिवस, सगळं. ते बराच वेळ बघत राहिले.

"घरातलाच माणूस ना तुमच्या?"

"म्हणूनच आधी बोलले नाही."

"बघू," म्हणाले. पण या वेळी लिहून घेतलं.

घरी स्फोट. नवऱ्याचा आवाज मी इतक्या वर्षांत असा चढलेला ऐकला नव्हता. "मला एक शब्द विचारला नाहीस? त्याची नोकरी कायम व्हायची आहे पुढच्या महिन्यात!" मी म्हटलं, "आणि माझा प्रकल्प? तो बुडाला तर चालेल का?" सासूबाई डोळ्यावर हिरवी पट्टी लावून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना दिसत नव्हतं पण ऐकू सगळं येत होतं. ताट तसंच ठेवून त्या आत गेल्या.

मला वाईट वाटलं. पण चूक माझी नाही.

१६ फेब्रुवारी

आज साहेबांच्या खोलीत समोरासमोर. मी पूर्ण तयारीने गेले होते. चित्रांच्या प्रती, तारखा, चिकटपट्टीचा तुकडासुद्धा. धाकटा रिकाम्या हाताने आला. दाढी केलेली नव्हती. तोंड सुकलेलं.

साहेब म्हणाले, "हे आरोप तुम्हाला मान्य नसतील तर मला रीतसर चौकशी नेमावी लागेल. बाहेरची माणसं येतील. घरच्यांनाही विचारतील."

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खिडकीकडे बघत म्हणाला, "चौकशी नको. मीच केलं असं समजा."

"समजा म्हणजे? केलं की नाही?"

मग म्हणाला, "केलं. मीच हलवली भिंत. मिटवा हे."

साहेबांनी किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली. त्याने जुडग्यातून काढायला घेतली, पण कडी घट्ट होती, निघेना. शेवटी साहेबांनीच काढून घेतली. मार्चअखेर कंत्राट संपतं, ते पुढे वाढणार नाही आणि तोवर त्याने कामावर यायचं नाही, एवढ्यावर मिटलं.

बाहेर आल्यावर मी माझ्याच खोलीचं दार चुकले. आनंदाने असणार. मी खरी ठरले.

१७ फेब्रुवारी

घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. बोलू नका. कबूल केलंय त्याने स्वतःच्या तोंडाने.

२६ फेब्रुवारी

परवलीचा शब्द बदलला. कुलूप बदललं. संगणक जाळ्यातून काढून टाकला. शेजारची खोली रिकामी आहे. ताजी चौकट लिहिली, मोठ्या थाटात.

सरकली.

मी समोर बसले होते. जेवायलाही गेले नाही. एक चित्र झालं की दुसरं लावायची. प्रत्येक चित्रात थोडी पुढे, थोडी पुढे. माझ्या नाकासमोर. वाटलं, यंत्रातच काहीतरी करून ठेवून गेलाय तो.

२८ फेब्रुवारी

भट्टीवालीकडे गेले. फिल्म ती बनवते. निर्वात भांड्यात तापवून थरावर थर चढवते, म्हणून तिला सगळे भट्टीवाली म्हणतात. फटकळ आहे. तिला म्हटलं, "तुझी फिल्म बिघडलीय."

"माझी फिल्म बिघडलेली नाही. किती व्होल्टने वाचतेस?"

सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिच्या भट्टीत पाणी ओतलं होतं.

"अगं बाई, जाड होत्या तेव्हा ठीक होतं. ही पाचपट पातळ आहे. वाचतेयस कसली, ढकलतेयस तू! तुझ्या दिराने मला मागेच विचारलं होतं नक्की जाडी किती म्हणून. मोजून दिली होती मी त्याला. त्याने सांगितलं नाही का तुला?"

मी म्हटलं, "नाही."

४ मार्च

काल त्याच फिल्मवर शेजारी शेजारी दोन चौकटी लिहिल्या. एकीची दिवसभर चित्रं काढली, दुसरीला सुई लावलीच नाही. आज सकाळी वाचनाचं व्होल्टेज अगदी कमी केलं. चित्र धूसर येतं, पण येतं. दोन्ही बघितल्या.

जिच्याकडे मी बघत होते तिची अर्धी जागा पांढऱ्याने खाल्लेली. जिच्याकडे बघितलं नव्हतं ती लिहिली तशी, कोपऱ्यासकट.

कुणीही काही हलवलेलं नव्हतं. ऑपरेशनच्या दिवसांत भिंत हलली नाही, कारण मीही रजेवर होते. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. मी शौचालयात जाऊन दार लावून रडले. मग तोंड धुतलं आणि उरलेली मापं घेतली.

एक गोष्ट मात्र मला आजही समजत नाही. केलं नव्हतं तर तो कबूल का झाला? विज्ञानातला माणूस असं धडधडीत खोटं बोलतो?

६ मार्च

त्याच्या घरी गेले. जाऊबाईंनी दार उघडलं, पण त्या दारातून बाजूला होईनात. आतून तो म्हणाला, "येऊ दे त्यांना."

खोलीत खोकी भरून ठेवलेली. पुस्तकं सुतळीने बांधलेली. मी बसले नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं. दोन चौकटी, व्होल्टेज, सगळं. तो ऐकत होता.

"मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो होतो, वहिनी."

"म्हणाला होतात, पण कुठल्या सुरात! माणूस नीट बसवून सांगतो."

यावर जाऊबाई हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही.

मी विचारलं, "मग कबूल का झालात?"

"दादा आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. आईच्या पोटात अन्न जात नव्हतं. बाहेरची माणसं घरी येऊन तिला विचारणार होती, तुमचा मुलगा कसा आहे म्हणून. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे."

"पण खोटं?"

"तुम्ही थांबतच नव्हता, वहिनी."

मग त्याने एकच गोष्ट मागितली. दुसऱ्या एका संस्थेत त्याचं काम होण्यासारखं आहे. तिथले लोक साहेबांना फोन करून विचारणार आहेत, हा माणूस का गेला. "आढाव्याच्या दिवशी साहेब समोर असतीलच. तेव्हा तेवढं सांगा. माझं नाव घेऊन सांगा. मला माफी वगैरे काही नको."

मी म्हटलं, "सांगते. हे काय सांगायला हवं?"

निघताना त्याने जिन्यातला दिवा लावून दिला. मला त्याचा पुन्हा राग आला. माणसाने निदान आरडाओरडा तरी करावा.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. कितीतरी दिवसांनी त्याने माझ्यासाठी चहा केला.

१५ मार्च

आढावा झाला. बाहेरून तीन तज्ज्ञ आले होते, साहेब त्यांच्या शेजारी.

मी उभी राहिले आणि पहिलंच वाक्य टाकलं, "भिंत हलत नव्हती, मी हलवत होते." सगळे सावरून बसले. मग दोन चौकटींचं चित्र दाखवलं. पातळ फिल्मला बघणं म्हणजे ढकलणं कसं होतं, व्होल्टेज उतरवलं की भिंत कशी जागेवर राहते, सगळं क्रमाने. माझा आवाज छान लागला होता.

अध्यक्ष म्हातारे गृहस्थ आहेत, कुणाचं कौतुक करणाऱ्यातले नाहीत. ते म्हणाले, "आपली चूक स्वतः शोधून स्वतः मांडणारी माणसं मी फार कमी पाहिली." टाळ्या वाजल्या. प्रकल्पाला मुदतवाढ, सूक्ष्मदर्शक माझ्याकडे.

त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "वाचनाच्या व्होल्टेजचा संशय तुम्हाला आला कसा?"

नाव जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. पण आत्ताच टाळ्या थांबल्या होत्या आणि नाव घेतलं की पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. तक्रार, चिकटपट्टी, किल्ली. मी म्हटलं, "जाडी आणि व्होल्टेज यांचा हिशेब मांडल्यावर." ते काही खोटं नाही.

नंतर व्हरांड्यात साहेबांनी मला गाठलं. "बाई, एक विचारतो. मग ते तुमच्या दिराचं प्रकरण? सकाळीच तिकडून फोन आला होता, मी म्हटलं, संध्याकाळी सांगतो."

मी हातातली चित्रं नीट लावायला लागले.

"त्यांनी तर कबूल केलं होतं. हे आणि ते एकच, की वेगळं? एकच असेल तर तुमच्या तक्रारीपासून सगळं मला पुन्हा उघडावं लागेल, आणि आजच्या समितीलाही कळवावं लागेल."

"वेगळं," मी म्हटलं.

"नक्की?"

"वेगळंच."

त्यांनी मान हलवली आणि फोन लावायला खोलीत गेले. मी दाराशी थोडा वेळ उभी होते. आत जाता आलं असतं. दार उघडंच होतं.

घरी आले तर सासूबाई पट्टी काढलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. नवऱ्याने विचारलं, "सांगितलंस?"

"हो," मी म्हटलं.

तो लहान मुलासारखा उठला. आत्ता बाहेरच्या खोलीत फोनवर बोलतोय, इथपर्यंत ऐकू येतंय. "अरे, सांगितलं तिने! साहेबांच्या तोंडावर सांगितलं. तू उद्या सकाळी जाऊन भेट त्यांना. नाही नाही, काही घेऊन जायला नको, नुसता जा. आईशी बोल." आणि सासूबाई फोनवर रडताहेत, हसताहेत.

उद्या सकाळी तो जाईल. जाऊ दे. साहेबच सांगतील काय ते. कबूल त्याने केलं होतं, सगळ्यांसमोर, शुद्धीत असताना. मी काय त्याच्या तोंडात शब्द घातले होते?